लेन्यानोच्या आधीची नऊ वर्षं

वारणेचा तह म्हटलं की कोल्हापुरातला माणूस १७३१ साल आणि वारणेची हद्द एवढं सांगतोच. पण सातारा आणि कोल्हापूर या दोन गाद्यांमधल्या त्याच तहात एकाकडचे चाकर दुसऱ्याने ठेवून घ्यायचे नाहीत असं ठरलं होतं, आणि एकाशी जो वैर करील त्याचं पारिपत्य दुसऱ्याने करायचं असंही ठरलं होतं, हे फारसं कुणाच्या बोलण्यात येत नाही. लढाया आपल्या तोंडपाठ असतात, कलमं दप्तरात राहतात.

उत्तर इटलीतल्या शहरांनी सम्राटाविरुद्ध बांधलेल्या लोंबार्द संघाचंही असंच झालं आहे. नाव निघालं की लेन्यानोची लढाई पुढे येते: २९ मे ११७६, शनिवार, पवित्र रोमन साम्राज्याचा सम्राट फ्रेडरिक बार्बारोसाचा पराभव. लढाई मोठी होती यात वाद नाही. पण संघ बांधला गेला ११६७ मध्ये, म्हणजे नऊ वर्षं आधी. ज्यांनी एकमेकांच्या वेशी पाडल्या होत्या अशी सोळा शहरं नऊ वर्षं एका शपथेखाली कशी राहिली, हे मला लढाईपेक्षा जास्त महत्त्वाचं वाटतं. तिथे शौर्यापेक्षा मसुद्याने जास्त काम केलं.

आधी ही शहरं आपसांत का भांडत होती ते बघू. पो नदीचं खोरं सपाट, सुपीक आणि दाट वस्तीचं. कोल्हापूर ते इचलकरंजी जेवढं, साधारण तेवढंच मिलान ते लोदी. पाविया आणि कोमोही मिलानपासून एका दिवसाच्या चालीवर. प्रत्येक शहराला आपला बाजार, आपला बिशप, आपले निवडलेले कॉन्सल, म्हणजे कारभारी. मिलान सगळ्यांत मोठं, पण मोठ्या नावा चालतील अशी नदी त्याच्या दाराशी नाही. पो नदीकडे जाणारी वाट लोदीच्या हद्दीतून, आल्प्सकडे जाणारी वाट कोमोच्या हातात. म्हणून मिलानने ११११ मध्ये लोदी पाडलं आणि तिथला बाजार बंद पाडला. कोमोशी दहा वर्षं लढून ११२७ मध्ये तेही पाडलं. क्रेमोनाचा डोळा क्रेमा या लहान गावावर होता आणि क्रेमाच्या पाठीशी मिलान उभं होतं. क्रेमोना आणि क्रेमा ही दोन नावं लक्षात ठेवा, पुढची सगळी गुंतागुंत त्यांच्याभोवती आहे.

फ्रेडरिक ११५२ मध्ये जर्मनीचा राजा झाला. पुढच्याच वर्षी लोदीच्या दोघा नागरिकांनी कॉन्स्टान्सला जाऊन त्याच्यापुढे मिलानविरुद्ध गाऱ्हाणं मांडलं. राजाचं पत्र घेऊन दूत मिलानला आला, तेव्हा तिथल्या कॉन्सलांनी पत्र फाडलं आणि मोहोर पायाखाली तुडवली. सम्राट इटलीत उतरला तो अशा शेजाऱ्यांच्या बोलावण्यावरून. तो जबरदस्तीने घुसला आणि सगळी शहरं एकजुटीने उठली, हे चित्र खरं नाही. निम्मी शहरं पहिल्यापासून त्याच्या बाजूची होती.

मुख्य वाद पेटला तो पिआचेन्झाजवळच्या रोंकाल्याच्या मैदानात, नोव्हेंबर ११५८ मध्ये. बोलोन्याच्या चार नामांकित कायदेपंडितांना, बुल्गारुस, मार्तिनुस, याकोबुस आणि ह्यूगो यांना, सम्राटाने विचारलं की राजाचे हक्क नेमके कोणते. त्यांनी जी यादी करून दिली तिच्यात सार्वजनिक रस्ते, नावा चालतील अशा नद्या, बंदरं, जकात, टांकसाळ, दंडाची रक्कम, बेवारस मालमत्ता, मासेमारी, मिठागरं, चांदीच्या खाणी आणि सगळ्यांत जड कलम, अधिकारी नेमण्याचा हक्क, एवढं सगळं होतं. ज्याच्याकडे राजाची लेखी सनद असेल त्याने हक्क ठेवावा, नसेल त्याने सोडावा.

खरी मेख इथे आहे. शहरांकडे सनदा फारशा नव्हत्या. त्यांच्याकडे वहिवाट होती. दोन-तीन पिढ्या कॉन्सल निवडले जात होते, जकात शहर घेत होतं आणि कुणी हटकलं नव्हतं. सातबाऱ्यावर नाव नाही पण कसतोय आपणच, या भांडणात काय होतं ते आपल्या जिल्ह्यात कुणाला समजावून सांगायला नको. रोंकाल्याने वहिवाट शून्य धरली आणि कागद सर्वस्व धरला. पुढची पंचवीस वर्षं भांडण याच मुद्द्यावर चाललं.

मिलानने सम्राटाचे अधिकारी घेतले नाहीत. आधी क्रेमा वेढलं गेलं, जुलै ११५९ ते जानेवारी ११६०. वेढ्याच्या लाकडी मनोऱ्यावर क्रेमाचेच ओलीस बांधून तो मनोरा तटाकडे ढकलण्यात आला, म्हणजे आतल्यांनी दगड मारला तर आपल्याच पोरांना लागावा. क्रेमा पडलं आणि जमीनदोस्त झालं. मग मिलान. भोवतालचं पीक कापून, वाटा अडवून उपासमार केली गेली आणि १ मार्च ११६२ रोजी शहर शरण आलं.

मिलान पाडलं कुणी? हुकूम सम्राटाचा, पण कुदळ शेजाऱ्यांच्या हातात होती. शहराचे भाग वेशीवार वाटून दिले गेले. पूर्वेची वेस लोदीकडे, रोमकडची क्रेमोनाकडे, तिचिनो नदीकडची पावियाकडे, कोमोच्या वाटेवरची कोमोकडे. ज्याचं ज्या दिशेला वैर, त्याला ती दिशा. काही दिवसांत शहराचा मोठा भाग पडला आणि मिलानकर बाहेर चार उघड्या वस्त्यांत विखुरले गेले.

पाच वर्षांनी याच क्रेमोनाने मिलानला परत बसवलं. हे कसं झालं?

एक कारण कारभाराचं. सम्राट जर्मनीला परतला की मागे त्याचे अधिकारी उरत, आणि वसुली जिंकलेल्यांकडून होई तशीच दोस्तांकडूनही होई. दुसरं कारण हिशेबाचं, आणि माझ्या मते तेच जास्त खरं. मिलान पडलेलं असताना क्रेमोनाला सम्राटाची गरज उरली नव्हती, फक्त त्याचा खर्च उरला होता. तिसरं कारण पूर्वेकडचं. ११६४ मध्ये व्हेरोना, विचेन्झा, पादुआ आणि त्रेविझो यांनी व्हेनिसच्या पैशाच्या बळावर वेगळा संघ केला होता. सम्राट त्यांच्यावर चालून गेला, पण बरोबरच्या लोंबार्द तुकड्यांचा भरवसा वाटेना म्हणून लढाई न करताच मागे फिरला. ते सगळ्यांनी पाहिलं.

मार्च ११६७ मध्ये क्रेमोना, ब्रेशा, बर्गामो आणि मांतुआ यांनी आपसांत शपथा घेतल्या. ७ एप्रिलला पोन्तिदाच्या मठात एक मोठी शपथ झाली अशी परंपरा आहे, तिथे दरवर्षी लोक जमतात. पण त्या काळच्या लेखनात या प्रसंगाचा पुरावा नाही. पुरावा आहे तो दोन-दोन, चार-चार शहरांच्या करारांचा. संघ एका दिवसात उभा राहिला नाही, टाके घालत घालत शिवला गेला.

आता त्या शपथेत काय होतं ते जरा जवळून बघू.

सुरुवातीच्या करारांत सम्राटाशी असलेली निष्ठा अबाधित ठेवून, अशी अट घातलेली होती. वाचताना हे भित्रेपणाचं वाटतं, पण ते तसं नाही. ज्या शहराला अजून उघड बंड करायचं नाही त्याला आत येण्यासाठी ठेवलेलं ते दार होतं. उद्या सम्राटाने जाब विचारला तर दाखवायला ओळ तयार.

दुसरं कलम सर्वांत हुशारीचं. हेन्री राजाच्या काळापासून ते फ्रेडरिक इटलीत येईपर्यंत आम्ही जेवढं देत आणि करत होतो, त्याहून जास्त कुणी मागितलं तर सगळ्यांनी मिळून विरोध करायचा. स्वातंत्र्य, न्याय असे मोठे शब्द त्यात नाहीत. एक कट-ऑफ ठरवला आहे. त्या काळातली वहिवाट हेच माप. प्रत्येक शहराचे हक्क वेगवेगळे होते, त्यामुळे हक्कांची एक सामाईक यादी करायला बसले असते तर पहिल्याच बैठकीत फाटलं असतं. काळाचं माप सगळ्यांना लागू पडत होतं, आणि तंटा उठलाच तर जुन्या माणसांची साक्ष घेऊन निकाल देता येत होता.

तिसरं, सगळ्यांच्या संमतीशिवाय कुणी एकट्याने तह किंवा युद्धविराम करायचा नाही. चौथं, संघाच्या लढ्यात कुणाचं नुकसान झालं तर भरपाई. पाचवं, शपथ फक्त कॉन्सलांनी नाही, नागरिकांनीही घ्यायची. याला व्यवहारी कारण होतं. कॉन्सल वर्षाकाठी बदलत. केवळ त्यांच्या शपथेवर विसंबलं असतं तर दर वर्षी संघ नव्याने बांधावा लागला असता.

कारभारासाठी शहरांनी रेक्टर नेमले, बहुधा आपापले चालू कॉन्सल. त्यांच्या सभा फिरत्या, आज या शहरात तर उद्या त्या शहरात. लढाईची आखणी त्यांच्याकडे होतीच, पण सदस्यांमधले तंटे तोडणं हेही त्यांचंच काम, आणि रोजचा ताण त्याचाच जास्त होता. नंतरच्या ठरावांत जकात आणि एका शहराने हद्दपार केलेल्याला दुसऱ्याने आसरा न देणं असे विषय येतात. वारणेच्या तहातलं चाकरांचं कलम इथे आठवल्याशिवाय राहत नाही. शेजारी भांडतात ते अशाच गोष्टींवरून.

पहिलं प्रत्यक्ष काम २७ एप्रिल ११६७ रोजी झालं. मित्रशहरांच्या सैन्याने मिलानकरांना त्यांच्या उद्ध्वस्त शहरात नेऊन बसवलं आणि खंदक-बांध पुन्हा उभे राहून मिलान स्वतःचा बचाव करू शकेल इतपत होईपर्यंत सोबत केली. आधी खंदक आणि वेशी, घरं नंतर. ११७१ मध्ये रोमकडची वेस दगडात नव्याने बांधली गेली तेव्हा तिच्यावर हा प्रसंग कोरला. वेशीतून बाहेर पडणारी माणसं आणि वर शहरांची नावं: क्रेमोना, ब्रेशा, बर्गामो. ही शिल्पं आज मिलानच्या स्फोर्झा किल्ल्यातल्या संग्रहालयात आहेत. पाच वर्षांपूर्वी हीच वेस क्रेमोनाकरांनी पाडली होती हे माहीत असलं म्हणजे त्या दगडावरचं क्रेमोनाचं नाव वेगळंच वाचलं जातं.

लोदी येत नव्हतं. त्याला फ्रेडरिकने ११५८ मध्ये नव्या जागी वसवून दिलं होतं, आणि मिलानशेजारी बसायचं म्हणजे पुन्हा पाडून घ्यायचं अशी त्याची खात्री होती. समजूत घालून झाली, मग वेढा पडला, दाणागोटा संपत आला आणि मे महिन्यात लोदी आत आलं. पण नुसतं दाबून नव्हे, त्याच्या हक्कांची हमी दिल्यावर. १ डिसेंबर ११६७ रोजी पूर्वेचा व्हेरोनाचा संघही मिळाला आणि यादी सोळावर गेली: व्हेनिस, व्हेरोना, विचेन्झा, पादुआ, त्रेविझो, फेरारा, ब्रेशा, बर्गामो, क्रेमोना, मिलान, लोदी, पिआचेन्झा, पार्मा, मांतुआ, मोदेना, बोलोन्या. पाविया बाहेरच राहिलं.

नशिबाचीही साथ होती. ऑगस्ट ११६७ मध्ये रोममध्ये सम्राटाच्या छावणीत साथ पसरली, त्याचा चॅन्सेलर राइनाल्ड १४ ऑगस्टला मेला, सैन्य विरघळलं. सम्राट ११६८ च्या सुरुवातीला वेशांतर करून आल्प्स ओलांडून निघून गेला. संघाला सहा वर्षं मोकळी मिळाली. ती त्यांनी वाया घालवली नाहीत.

त्यातलं सर्वांत धाडसी काम म्हणजे ११६८ मध्ये तानारो आणि बोर्मिदा नद्यांच्या संगमाजवळ आसपासच्या खेड्यांतली माणसं एकत्र आणून वसवलेलं नवं शहर, अलेस्सांद्रिया. नाव सम्राटाचा वैरी पोप तिसरा अलेक्झांडर याचं. जागा निवडली ती सम्राटाचे दोन दोस्त, पाविया आणि मोन्तफेर्रातचा सरदार, यांच्यामध्ये पाचर बसेल अशी. घाईत उभं राहिलेलं म्हणून विरोधक त्याला गवताचं शहर म्हणून हिणवत. ऑक्टोबर ११७४ च्या अखेरीस सम्राटाने त्याला वेढा घातला. ते गवताचं शहर टिकलं, कारण पाण्याने भरलेला खंदक रुंद होता आणि जमीन दलदलीची. पावसाळी हिवाळ्यात यंत्रं रुतत होती, चारा मिळत नव्हता. ११७५ च्या ईस्टरच्या सुमारास भुयारातून शिरायचा प्रयत्न झाला; आतल्यांनी तो हाणून पाडला आणि बाहेर पडून मनोरा जाळला. संघाची फौज जवळ आली तेव्हा सम्राटाने वेढा उठवला.

एप्रिलमध्ये मोन्तेबेल्लोला बोलणी झाली. मिटलं नाही ते क्रेमोनाच्या कॉन्सलांनी ठरवायचं असं दोन्ही बाजूंनी मानलं. त्यांचा निवाडा शहरांना बरंच काही देणारा होता, पण अलेस्सांद्रिया मोडून माणसांनी आपापल्या खेड्यांत परत जावं असं त्यात होतं. संघाने ते नाकारलं. माझ्या मते संघाची खरी परीक्षा इथे झाली. मिलान, ब्रेशा यांना हवं ते मिळत होतं आणि द्यायचं होतं फक्त सात वर्षांचं एक चिमुकलं शहर. ते त्यांनी दिलं नाही.

मग लेन्यानो. सम्राटाची नवी कुमक आल्प्सवरून कोमोकडे उतरली होती आणि त्याला तिच्यासह पावियाला पोचायचं होतं. मिलानने सगळे मित्र येण्याची वाट न बघता वाट अडवली. टेहळणीला गेलेले सुमारे ७०० लोंबार्द घोडेस्वार ३०० जर्मनांना भिडले, मागून सम्राटाची मुख्य फौज आली आणि लोंबार्द घोडदळ उधळलं. उरलं पायदळ, करोच्चोभोवती.

करोच्चो म्हणजे बैलांनी ओढायचा चारचाकी गाडा. मधोमध उंच खांब, त्यावर शहराचं निशाण, खाली पूजेची वेदी, सोबत घंटा. जोतिबाच्या चैत्र यात्रेत आपल्या गावची सासनकाठी कुठे आहे ते गर्दीतून कुठूनही दिसतं आणि गावकरी तिच्याभोवती आपोआप गोळा होतात, तसं त्याचं काम. शिवाय बैल पळत नाहीत. ज्या पायदळाचं निशाण पळू शकत नाही, त्याला जागा धरूनच लढावं लागतं. ढाली एकमेकींवर चढवून, भाले पुढे काढून ते उभे राहिले. भाल्यांच्या दाट रांगेत घोडा शिरत नाही, स्वार कितीही शूर असो. काही तास असे गेले आणि पांगलेले घोडेस्वार, विशेषतः ब्रेशाचे, वळून आले आणि बगलेवर पडले. सम्राटाचा निशाणदार पडला, सम्राट घोड्यावरून खाली गेला आणि काही दिवस बेपत्ता होता. पावियाला पोचला तेव्हाच तो जिवंत असल्याचं कळलं. आल्बेर्तो दा जुस्सानो आणि त्याच्या मृत्यूच्या तुकडीची गोष्ट मात्र चौदाव्या शतकातली आहे, समकालीन लेखनात तिचा पत्ता नाही.

करोच्चोचा दोषही सांगायला हवा. चिखलात तो हलत नाही. नोव्हेंबर १२३७ मध्ये कोर्तेनुओव्हाला, बार्बारोसाचा नातू दुसरा फ्रेडरिक याच्यापुढे हरल्यावर मिलानकरांना रुतलेला गाडा टाकून जावं लागलं आणि सम्राटाने तो क्रेमोनाच्या रस्त्यांवरून हत्तीकडून ओढत नेला.

लेन्यानोच्या विजयानंतर संघ मजबूत व्हायला हवा होता. झालं उलटं. डिसेंबर ११७६ मध्ये क्रेमोनाने एकट्याने सम्राटाशी जुळवून घेतलं, बदल्यात गुआस्ताल्ला आणि लुझारा ही ठाणी मिळवली. पुढच्या वर्षी तोर्तोनानेही तेच केलं. एकट्याने तह न करण्याचं कलम तोडलं ते संघाचा पाया घालणाऱ्यांनीच. कारण साधं आहे. मिलान पुन्हा मोठं झालं होतं. कलम होतं, पण ते मोडणाऱ्याला शिक्षा करण्याएवढी ताकद रेक्टरांच्या सभेत नव्हती. जुलै ११७७ मध्ये व्हेनिसला पोपनेही आपला तह पक्का केला आणि शहरांच्या वाट्याला सहा वर्षांचा नुसता युद्धविराम आला.

मुदत संपता संपता, २५ जून ११८३ रोजी, कॉन्स्टान्सचा तह झाला. तटाच्या आतले राजाचे हक्क शहराकडे, वहिवाटीप्रमाणे. तटाबाहेरच्या खेड्यांतले हक्क कोणाचे यावर बिशप आणि जाणत्या लोकांनी चौकशी करायची. ती नको असेल तर वर्षाला २,००० मार्क चांदी भरायची. कोलोनचा मार्क सुमारे २३४ ग्रॅमचा धरला तर ही चांदी ४६८ किलोच्या आसपास होते. शहर आणि भोवतालची गावं यांची हद्द हा कोल्हापूरकरांचा किती नाजूक विषय आहे ते माहीत असल्याने, तहात सर्वांत जास्त जपून शब्द याच कलमात का वापरले असतील ते समजतं. २५ लिरांपुढच्या खटल्यांतच सम्राटाकडे अपील, तेही इटलीतच त्याच्या प्रतिनिधीपुढे, निकाल दोन महिन्यांत, म्हणजे जर्मनीची खेप वाचली. कॉन्सल शहराने निवडायचे, सम्राटाकडून अधिकारवस्त्र दर पाच वर्षांनी घ्यायचं. १५ ते ७० वयाच्या पुरुषांनी निष्ठेची शपथ घ्यायची, दर दहा वर्षांनी नव्याने. तट बांधायला मुभा. आणि संघ ठेवायला, नव्याने करायलाही मुभा.

अलेस्सांद्रियाने त्याच वर्षी वेगळा समझोता करून सीझरच्या नावावरून चेझारेआ हे नाव घेतलं. शहर मात्र जागेवर राहिलं, पुढे नावही परत आलं.

दोन वर्षांत फासे पूर्ण फिरले. फेब्रुवारी ११८५ मध्ये फ्रेडरिकने मिलानशीच करार केला आणि क्रेमोनाच्या नाकावर टिच्चून क्रेमा पुन्हा बांधायला लावलं, तेच क्रेमा जे त्याने पंचवीस वर्षांपूर्वी पाडलं होतं. जानेवारी ११८६ मध्ये त्याच्या मुलाचं लग्न मिलानमध्ये सेंट अँब्रोजच्या चर्चमध्ये लागलं, आणि त्याच वर्षी सम्राट क्रेमोनावर चालून गेला. मार्च १२२६ मध्ये त्याच्या नातवाविरुद्ध शहरं मांतुआजवळ मोझिओला जमली तेव्हा त्यांनी कॉन्स्टान्सच्या त्याच शेवटच्या मुभेवर बोट ठेवून संघ नव्याने केला. क्रेमोना त्यात नव्हतं.